चारशे सतरा नंबरच्या आजी

१९ नोव्हेंबर, रविवार

भीती वाटली की लिहून काढावं, असं कॉलेजात आमच्या स्टॅटिस्टिक्सच्या बाई सांगायच्या. त्या परीक्षेच्या भीतीबद्दल बोलत होत्या, पण भीती ती भीतीच. लेकीची, गार्गीची, एक कोरी वही उरली होती, ती घेतली. ठेवणार ओट्याखाली, कुकरच्या रिकाम्या खोक्यात. माझा नवरा गुरुप्रसाद तिथे हात घालत नाही. आणि गार्गीने सहावीत हिंदी सोडून फ्रेंच घेतलं, त्यामुळे तिला देवनागरीच्या चार ओळी वाचायच्या म्हटलं तरी घाम फुटतो. म्हणजे वही सुरक्षित.

भीती कसली ते एकदा स्वच्छ लिहिते. आम्ही इथे दोह्यात राहतो, आणि सप्टेंबरात गुरुप्रसादचं रास लफानच्या गॅस प्लांटचं प्रोजेक्ट संपलं आणि त्याच्यासकट चाळीस जणांना घरी पाठवलं. तेव्हापासून तो आणि गार्गी दोघेही माझ्या व्हिसावर आहेत. माझी नोकरी गेली तर तिघांनाही गाशा गुंडाळून पुण्याला जावं लागेल. गार्गीची दहावीची परीक्षा फेब्रुवारीत. तेवढे तीन महिने मी ऑफिसात कुठेही पाय घसरू द्यायचा नाही, एवढंच.

पहाटे त्या रास लफानवाल्या कंपनीची बस अजून आमच्या बिल्डिंगखाली थांबते, वरच्या मजल्यावरच्या दोघांना न्यायला. गुरुप्रसाद खिडकीत उभा राहून बस जाईपर्यंत बघतो आणि मग चहा टाकतो.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

नवं काम आलं, आणि तेही अमेरिकेच्या निवडणुकीचं! तिथे रिपब्लिकन पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार कोण, हे पक्षश्रेष्ठी ठरवत नाहीत. पक्षाचे मतदारच राज्याराज्यांत मत देऊन ठरवतात, त्याला प्रायमरी म्हणतात. एका राज्यातल्या अशा मतदारांना तिथली कंपनी फोन करणार, 'आज मतदान असतं तर कुणाला दिलं असतं' असं विचारणार, आणि मोजदाद आमच्याकडे. ते झोपलेले असताना आम्ही जागे असतो, हाच आमचा धंदा. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "रिपब्लिकन म्हणजे आपल्या आठवलेंच्या पक्षासारखे नाहीत ना गं, कुठल्या गटाचे?" मी म्हटलं, गट तिथेही आहेत.

उमेदवारांची नावं बाहेर बोलायची नाहीत, तशी सही घेतली आहे. म्हणून इथे मी त्यांना माझीच नावं ठेवते. पुढे आहेत ते मोठे साहेब. त्यांच्या मागे दातवाले, कारण सगळ्या फोटोंत दात. आणि शेवटी डेअरीवाली. तिच्या वडिलांच्या गाई होत्या म्हणे. तिला शंभरात तीन.

तबिश, आमचे मॅनेजर, आज फार खुशीत. नवा सर्व्हर बसला. "नमिताजी, अब सारा डेटा हमारे दोहा टाइम में दिखेगा। हिसाब लगाने का झंझट खलास।"

२६ नोव्हेंबर, रविवार

कॅरलने डब्यात भुजिंग आणलं होतं, पोह्यांतलं चिकन. कॅरल वसईची, माझ्या समोरच बसते. मी आकडे काढते, ती तपासते. तिने तिच्या लॉगिनने टिक केल्याशिवाय रिपोर्ट पुढे जात नाही. नऊ वर्षं आम्ही असंच करतो. इथे सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे तिच्या चर्चमधला मोठा मिसाही शुक्रवारीच असतो. शुक्रवारी काही अर्जंट आलं तर तिची टिक मी करते. माझ्या घरी गणपती असला की माझं काम ती करते. नियमात बसत नाही, पण दोघींना एकमेकींचा पासवर्ड पाठ आहे.

आज मला म्हणाली, "काय गो नमिता, तोंड का असं? रॉयला सांगून गुरुप्रसादभाऊंचा बायोडाटा पाठवते त्याच्या हॉस्पिटलात, मेंटेनन्सला." मी नुसती मान डोलावली. बोलले असते तर रडू आलं असतं.

१ डिसेंबर, शुक्रवार

दमले. पण झालं.

बुधवारी तिथे टीव्हीवर उमेदवारांची जाहीर चर्चा झाली, डिबेट म्हणतात. क्लायंटला हवं होतं ते असं: डिबेटच्या आधी कुणाला किती पाठिंबा होता आणि नंतर किती. तीन संध्याकाळी फोन झाले, मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज तीनशे माणसं. पुढच्या डिबेटला कुणाला बोलवायचं हे एक चॅनेल याच आकड्यावर ठरवणार आहे. 'नंतर'च्या आकड्यात ज्याला शंभरात सहा, त्याला खुर्ची.

आज सुट्टी, तरी सकाळी सातला तबिशचा फोन. "जुम्मे की नमाज़ से पहले भेज दीजिए बस, मैं मस्जिद से निकलकर देख लूँगा।" गुरुप्रसाद पोहे करत होता, गार्गी भूमितीवरून कुरकुरत होती, मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून बसले. तीस नोव्हेंबरच्या आधीचे ते 'आधी', तीस आणि पुढचे ते 'नंतर'. डेअरीवाली: आधी तीन, नंतर पाच. बिचारीची खुर्ची एकाने हुकली.

कॅरल मिसात होती, फोन बंद. तिची टिक मीच केली. साडेअकराला पाठवून दिलं. मग तिघं समुद्रकाठी कॉर्निशला गेलो, करक चहा प्यायलो. छान हवा होती.

५ डिसेंबर, मंगळवार

घाईत लिहिते आहे, अक्षर वाईट येईल.

दर प्रोजेक्टनंतर थोडी रेकॉर्डिंगं ऐकायची असतात, फोन करणारी माणसं नीट विचारतात ना ते बघायला. आज दुपारी हेडफोन लावून ऐकत होते. क्रमांक ४१७. बाई, वय एक्याऐंशी, शेतावर एकटी राहते. आवाज इतका गोड, आमच्या नाशिकच्या आत्यासारखा, फक्त इंग्रजीतून. फोन करणाऱ्या मुलीने विचारलं, मत कुणाला? आजी म्हणाली, अजून कुणालाच नाही, पण ती गाईंवाली मला बरी वाटते. आज रात्री डिबेट आहे ना, ते बघते आणि मग ठरवते. उद्या करशील का मला फोन? मुलीने यंत्रासारखं सांगितलं, सॉरी मॅडम, एकदाच करता येतो. मग आजीने विचारलं, "माझं उत्तर धरणार ना तुम्ही?" मुलगी म्हणाली, प्रत्येक उत्तर धरलं जातं.

आज रात्री डिबेट आहे, असं ती म्हणाली.

मी फाईल उघडली. ४१७, तारीख तीस नोव्हेंबर, पहाटे दोन चाळीस. मी तिला 'नंतर'मध्ये टाकली आहे.

तिथे बुधवारची संध्याकाळ असते तेव्हा इथे गुरुवारची पहाट असते. बारा वर्षं झाली मला इथे येऊन, कॅलिफोर्नियातल्या भावाला फोन करताना मी झोपेतसुद्धा हा हिशेब करते. आणि नव्या सर्व्हरने दोह्याची वेळ दाखवली तर मी ती जशीच्या तशी धरून चालले. बुधवारचे सगळे फोन डिबेट सुरू व्हायच्या आधीचे होते. ते सगळे तीनशे लोक मी 'नंतर'च्या खणात टाकले.

बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन मोजलं. बुधवारच्या तीनशेंत डेअरीवालीला नऊ जण. गुरुवारच्या तीनशेंत एकवीस. मी दोन्ही मिळवले, सहाशेत तीस, म्हणजे पाच. खरं उत्तर तीनशेंत एकवीस. म्हणजे सात.

तिला खुर्ची मिळायला हवी होती.

६ डिसेंबर, बुधवार

कुणाला बोलले नाही.

स्वतःला समजावते आहे. तीनशे माणसांच्या आकड्यात साडेपाच इकडेतिकडे होतातच, हे मी स्वतः शिकाऊ पोरांना शिकवते. सात म्हणजे दीडही असेल, साडेबाराही असेल. पाच काय आणि सात काय! देवाशपथ, हे सगळं खरं आहे. पण माझी चूक ही त्या साडेपाचातली नव्हे, हेही मला माहीत आहे.

सांगितलं तर काय होईल? तबिश विचारतील, कॅरलने तपासलं नाही? मग शुक्रवारची टिक, पासवर्ड, सगळंच बाहेर येईल. दुसऱ्याचं लॉगिन वापरलं तर त्याच दिवशी घरी, असं आमच्या करारात लिहिलेलं आहे.

गार्गीने जेवताना विचारलं, "आई, व्हॉट्स 'मोजदाद'? काउंटिंग, राइट?" मी म्हटलं हो, कुठे वाचलंस? म्हणाली, आजीच्या व्हॉट्सॲपवर. बरं वाटलं, निदान मराठीची आवड तरी लागली.

७ डिसेंबर, गुरुवार

चॅनेलने नावं जाहीर केली. मोठे साहेब, दातवाले आणि आणखी दोघे. डेअरीवाली नाही. बातमीत खाली आमच्या क्लायंटचं नाव, 'डिबेटनंतरच्या चाचणीनुसार.' माझा पाच तिथे छापून आला आहे.

१० डिसेंबर, रविवार

तिने माघार घेतली. व्हिडिओ बघितला, एकदा नाही, चारदा. गोठ्यासारखी काहीतरी जागा, मागे तिचे म्हातारे वडील. म्हणाली, लोकांचा कौल मला समजला.

लोकांचा कसला कौल! जेवणाच्या टेबलावर, पोह्यांच्या बशीशेजारी बसून मी तो दिला. मी स्वतः बारा वर्षांत एकदाही मत दिलेलं नाही, पुण्याला त्यासाठी जाणं जमलंच नाही कधी. आणि इथे बसून दुसऱ्यांच्या मतांचं हे करून ठेवलं.

४१७ च्या आजीनेही तो व्हिडिओ बघितला असेल.

१२ डिसेंबर, मंगळवार

पकडलं. मला नाही, आकड्याला. तिथल्या कुठल्याशा प्राध्यापकाने क्लायंटला मेल केला, की डिबेटनंतर फोनची एकच संध्याकाळ झाली, मग 'नंतर'ची माणसं सहाशे कशी? क्लायंटचा मेल तबिशला, आणि तबिशने दार बंद केलं.

ते बाहेर आले तेव्हा त्यांनी प्रश्न एकच विचारला, "चेक किसने किया था?" स्क्रीनवर उत्तर होतंच. कॅरल डिमेलो, १ डिसेंबर, अकरा वाजून वीस मिनिटं.

माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. बनवणाऱ्याकडून चूक होतेच, ती पकडायला तपासणारा असतो, असं ते नेहमी म्हणतात. मी खाली मान घालून कीबोर्डवरची धूळ पुसत राहिले. भित्री भागूबाई म्हणायचे मला शाळेत, काही चुकीचं म्हणत नव्हते.

१४ डिसेंबर, गुरुवार

कॅरलला आत बोलावलं. काचेतून दिसत होतं. तबिश बोलत होते आणि ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मला वाटलं, आता सांगेल, की शुक्रवारी अकरा वाजता मी चर्चमध्ये होते. एक वाक्य पुरे होतं.

तिने ते वाक्य म्हटलं नाही.

बाहेर आली, जागेवर बसली, डबा उघडला. म्हणाली, "रविवारपर्यंत राजीनामा दे म्हणाले. दिला तर अनुभवाचं सर्टिफिकेट चांगलं देतील." मी म्हटलं, अगं पण... ती म्हणाली, "जेव गो. गार होईल." आणि माझ्या ताटलीत अर्धी पोळी ठेवली.

मला वाटतं तिला तो शुक्रवार आठवतच नसावा. इतके शुक्रवार येतात आणि जातात. आठवत असता तर ती बोललीच असती, कुणीही बोललं असतं.

घरी आले तर गार्गी किचनमध्ये केक करत होती. कुणासाठी? "कॅरल आंटी." मधेच का, तर म्हणे ख्रिसमस येतोय. मग सहज विचारते तसं विचारलं, "आई, आजोबांच्या बिल्डिंगजवळ स्कूल आहे का? लाइक, अ गुड वन?" पोरीला माझा चेहरा दिसत असणार. मी म्हटलं, तुला कशाला हवंय, तू इथेच दहावी देणार आहेस. कुकरचं खोकं ओट्याखाली पुढे सरकलेलं होतं. तिने केकचा डबा काढताना धक्का लागला असेल.

१५ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी चारदा अंघोळीला जाते म्हणून उठले आणि चारदा परत बसले.

गुरुप्रसादला सांगून टाकलं. सगळं. त्याने भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणलं. मग म्हणाला, "कॅरलचा रॉय कमावतो, नमिता. आपल्याकडे तू एकटीच." तो वाईट माणूस नाही. तोही घाबरलेला आहे. चूक कुणाची हे त्याने विचारलं नाही, फक्त फेब्रुवारीपर्यंत किती आठवडे आहेत ते कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं. नऊ.

त्याचं खरं आहे. रॉय हॉस्पिटलात कायम आहे. कॅरलला दुसरी नोकरी मिळेल. डेअरीवाली तर गेलीच, ती काही परत येणार नाही. मी तोंड उघडलं तरी कुणाचं काय भलं होणार? तिघांचं वाटोळं तेवढं होईल.

ठरलं. रविवारी खाली मान घालून बसायचं. सोमवारी नॅशनल डेची सुट्टी आहे. मंगळवारपर्यंत सगळं शांत होईल. नऊ आठवडे. मी हे लिहून ठेवते आहे, म्हणजे उद्या मन फिरायला नको.

*आई रवीवारी तू सांग. आजी ४१७ ला पण बरं वाटेल. मी पूण्याला शिकेन, मला चालेल. कॅरल आंटीने माझा केक घेतला तेवा ती रडली.*

१७ डिसेंबर, रविवार

वरची ओळ काल सकाळी दिसली. पेन्सिलने, मोठ्या मोठ्या अक्षरांत, प्रत्येक शब्द दोनदा खोडून लिहिलेला. मी वही मिटली आणि ओट्याला टेकून खाली बसले. दुधाला उकळी येऊन ते उतू गेलं तरी उठवेना.

आज सकाळी कॅरलच्या आधी ऑफिसला पोहोचले. तबिश करक घेऊन येत होते. उभ्या उभ्याच सांगितलं, बसले असते तर पुन्हा धीर गेला असता. तारीख मी चुकवली. टिकही मी केली, कॅरल चर्चमध्ये होती. हे बघा बुधवारचे नऊ, हे गुरुवारचे एकवीस.

त्यांनी कप टेबलावर ठेवला. "नमिताजी, मामला ख़त्म हो रहा था। आपको क्या ज़रूरत थी?" ते रागावले नव्हते, थकले होते. मी म्हटलं, मुझे लिखकर देना है. त्यांनी कागद दिला. दुरुस्त आकडा क्लायंटला गेला. तिथे दोन ओळींचा खुलासा छापतील, बहुतेक कुणी वाचणार नाही. मी फाईल उघडून ४१७ ला तिच्या जागी ठेवलं, 'आधी'च्या खणात. करारात काही असलं तरी मला जानेवारीअखेरपर्यंत ठेवतील. परीक्षेपर्यंत आम्ही इथे राहू की नाही, तबिशलाही माहीत नाही, "इन्शाल्ला" म्हणाले. पासवर्डबद्दल कॅरलला वॉर्निंगचं पत्र मिळेल. राजीनाम्याचा कागद तिने पर्समधून काढला आणि फाडला.

मी तिला म्हटलं, तुला आठवत नव्हतं ना? कॅरलने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी वेडीच आहे. "मिसात होते मी. टिक कोण करणार, सेंट ॲन्थनी? पहिल्या दिवसापासून माहीत होतं गो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझी पोरगी दहावीला आहे." मग म्हणाली, "पण राग यायचा तुझा. फार यायचा. डबा देताना पण यायचा."

मी रडले. ती नाही रडली, तिने फक्त तिचा रुमाल माझ्याकडे सरकवला.

संध्याकाळी गुरुप्रसादला सांगितलं. त्याने स्टूल ओढलं. माळ्यावरची मोठी बॅग काढली, पुसली आणि परत वर ठेवली. रॉयच्या हॉस्पिटलात त्याला बुधवारी बोलावलं आहे, हे त्याने मला त्यानंतर सांगितलं. होईल की नाही कोण जाणे. मला अजून भीती वाटते आहे, अगदी तशीच.

गार्गी तिच्या खोलीत भूमिती करत होती. मी दारात उभी राहिले. कधीपासून वाचतेस, विचारलं. म्हणाली, सुरुवातीपासून. एक पान वाचायला एक तास लागायचा, काही शब्द आजीला फोन करून विचारले.

"हे सगळं वाचून तू घाबरली नाहीस?"

तिने वर बघितलं. माझी पोरगी मला इंग्रजीत उत्तर देते, गेली दहा वर्षं.

"घाबरले," ती म्हणाली. "म्हणून तर लिहिलं."